पावसाची पोरं

शिरसाट गुरुजींनी मला पहिल्या भेटीत नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. पाथर्डीहून येणाऱ्या जीपमधून मी उतरले, धुळीनं माखलेली पर्स झटकत शाळेच्या ओट्यावर चढले आणि हजर होण्याचा कागद पुढे केला. तो त्यांनी न वाचताच टेबलावर ठेवला आणि विचारलं, "बाई, जन्मसाल कोनतं तुमचं?"

बाईमाणसाला पहिल्या भेटीत वय विचारू नये, हे या गृहस्थाला घरी कुणी सांगितलं नसावं. मी नगर शहरात, कारकुनांच्या आणि शिक्षकांच्या घरात वाढलेली. रागानंच म्हटलं, "सत्तर. का?"

"पाठचं भावंड?"

"भाऊ आहे. पाच वर्षांनी लहान."

"पाच." त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मधी कोनी झालं अन् गेलं, असं तर न्हाई ना?"

"नाही."

"मग बराबर. बसा. चहा सांगतो."

मी चहा घेतला, पण मनातल्या मनात बदलीचा अर्ज लिहायला सुरुवात केली होती. पुढच्या रविवारी नगरला गेले तेव्हा आई मटार सोलत बसली होती. तिला सहज म्हटलं, "आई, माझ्यात आणि धाकट्यात पाच वर्षांचं अंतर कसं गं पडलं?" आईचा हात थांबला. "हे तुला कुणी विचारलं?" म्हणाली. मग शेंगा सोलता सोलता सांगू लागली. "बाहत्तरचा दुष्काळ. तुझे बाबा रेशनच्या रांगेत उभे राहायचे आणि हातात मिलो पडायचा, अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. त्याच्या भाकरी तू थुंकून टाकायचीस. म्हटलं, एक आहे तिला आधी जगवू. पुढं पाऊस झाला, बाजार उतरला, मग तुझा भाऊ." एवढं बोलून ती शेंगांची टरफलं गोळा करायला उठली. माझ्या जन्माच्या इतक्या जवळची गोष्ट मला आईनं कधी सांगितली नव्हती, आणि एका परक्या माणसानं ती ओट्यावर उभ्याउभ्या ओळखली होती. बदलीचा अर्ज मी लिहिलाच नाही. त्यानंतर दहा-बारा वर्षं आम्ही एका शाळेत काढली.

गुरुजी उंच होते, थोडे वाकलेले. शर्ट पँटीत नीट खोचलेला आणि वर गळ्यात उपरणं, असा त्यांचा कायमचा थाट. बुधवारी पाथर्डीच्या बाजारात जायचे आणि ज्वारी, बाजरी, गहू, तूर, प्रत्येक ढिगापाशी उभं राहून भाव विचारायचे. विकत काही घ्यायचे नाहीत. आजाऱ्याच्या कपाळाला हात लावून ताप बघावा तसं दोन बोटांनी धान्य चाचपायचे आणि पुढे जायचे. व्यापारी त्यांना ओळखून होते. "आले गुरुजी. भाव सांगा, पिशवी आनली नसंल," असं एकमेकांना ओरडून सांगायचे. गुरुजीही हसायचे. पण शाळेत आल्यावर फळ्याच्या कोपऱ्यात तारखेखाली ज्वारीचा त्या दिवसाचा भाव लिहिल्याशिवाय त्यांचा इतिहासाचा तास सुरू व्हायचा नाही. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी ते पुसायला लावलं. साहेबांची गाडी वळणापलीकडे गेली आणि गुरुजींनी खडू उचलला.

हे वेड लागलं कसं, ते त्यांनी मला एकदा मधल्या सुट्टीत डबा खाताना सांगितलं. त्यांचा जन्म दुष्काळानंतरच्या चांगल्या सालातला, याच गावातला. याच शाळेत ते शिकले. "आमच्या वर्गात, बाई, मांडीला मांडी लावून बसायचं. एकानं खोकलं का अख्खी रांग हालायची. अन् म्होरल्या वर्गात बघावं तर पोरं पाय पसरून बसल्याली. मी मास्तरला इचारलं, म्होरल्या वर्गातली बाकीची पोरं कुठं गेली? मास्तरनी छडीच दिली. त्येंना वाटलं मी चेष्टा करतोय. घरी आईला इचारलं. ती चुलीम्होरं हुती. मान वर न करता म्हनली, त्या वर्साला जवारी गावत नव्हती, पोरं कुठनं गावायची?"

डब्यातली चटणी बोटानं पुसून घेत ते म्हणाले, "तवापासनं मी वर्गात शिरलो का आधी पोरं बघत न्हाई, जागा बघतो."

त्यांचा इतिहास पुस्तकातला नव्हता. राजे यायचे, लढाया व्हायच्या, गुरुजी त्या प्रामाणिकपणे शिकवायचेही, कारण परीक्षेत त्याच येणार. पण प्रत्येक धड्याच्या शेवटी पोरांना विचारायचे, "तवा पाऊस कसा असंल? बाजारात काय असंल?" आणि मग त्यांचा आवडता क्रम सुरू व्हायचा. पाऊस गेला की आधी बाजार चढतो. बाजार चढला की लग्नं पुढं ढकलतात. लग्नं पुढं गेली की पाळणे थांबतात. तरीही ढग आले नाहीत तर माणसं बिऱ्हाड उचलतात. मरणाची पाळी सगळ्यात शेवटी येते. "दुष्काळानं किती माणसं मारली ती लोकं सांगत्यात," असं ते मला म्हणायचे. "मेली ती दिसली. जी आलीच न्हाईत, ती कोनाला दिसली?" हे बोलताना त्यांचा आवाज खाली यायचा. न जन्मलेल्या माणसांची कुणाला आठवण यावी, हे मी त्यांच्याआधी कुठं पाहिलं नव्हतं.

एका वर्षी सहलीला कुठं जायचं यावर वर्गात मोठी चर्चा झाली. पोरांना शिर्डी हवी होती, नाहीतर निदान नगरचा किल्ला. गुरुजींनी त्यांना चालत नेलं. डोंगराच्या कडेनं तासभर चालल्यावर एक माळ लागला. तिथं एक शेंदूर फासलेला मारुती, एक बुजत आलेली विहीर आणि गवतात दडलेले जोत्यांचे दगड होते. सरकारी दप्तरात अशा गावाला बेचिराग म्हणतात. म्हणजे जिथं दिवा लागत नाही. नकाशावर नाव आहे, शिवार आहे, माणूस मात्र नाही. कुठल्याशा जुन्या दुष्काळात ते उठलं आणि पुन्हा वसलं नाही. गुरुजींनी प्रत्येक पोराला एकेका जोत्यावर उभं केलं. "हे तुझं घर. हे तुझं." पोरं मजेत उभी राहिली. दोघींनी लगेच शेजारणीचं भांडणही सुरू केलं. गुरुजी मारुतीपाशी उभे राहून ओरडले, "सांगा, हितली मानसं कुठं गेली?"

साऱ्या पोरांनी एका सुरात उत्तर दिलं, "ऊस तोडायला!"

मला हसू आलं. आमच्या पोरांना माणसं गावातून जातात ती एकाच कारणासाठी, हेच ठाऊक होतं. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी मारुतीच्या पायरीवर बसून डबा सोडला आणि पोरांना तिथंच जेवायला बसवलं, त्या जोत्यांवर, घरोघरी. परत निघताना मागे वळून म्हणाले, "बाई, आज हितं पंगत बसली. किती वर्सांनी बसली आसंल." त्यांना ती सहल जन्मभर पुरली. पोरं मात्र पुढं वर्षभर शिर्डीचं नाव काढून रुसत होती.

त्यांचा नियम कधी चुकायचा नाही असं मुळीच नाही. चुकला की ते जास्तच खूश व्हायचे. गावातल्या गऊबाईला निराधारांच्या पगारासाठी वय सांगायचं होतं आणि वय तिला ठाऊक नव्हतं. आलेला पोरगेला कर्मचारी पुन्हा पुन्हा विचारत होता, ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "आसंल साठ. न्हाईतर सत्तर. तू लिव की तुला काय बरं वाटतं ते." गुरुजी मध्ये पडले. "गऊकाकू, तुझ्या लग्नात पंगतीला काय हुतं?"

"लाल भाकर अन् गुळवनी."

गुरुजी उडालेच. लाल भाकर म्हणजे मिलो आणि मिलो म्हणजे बाहत्तर-त्र्याहत्तर. "काकू, त्या सालात लगीन? त्या सालात तर समद्यांनी लग्नं म्होरं ढकलली."

"ढकलली आसतील ज्येंच्याकडं दाने हुते त्येंनी," गऊबाई म्हणाली. "आमच्या सासऱ्यानं म्हनलं, दुष्काळी कामावर खडी फोडायला दोन हातापरीस चार हात बरे. हळद वली हुती तवाच हातात हातुडा आला. हप्त्याला दोघांची मजुरी अन् खायला सुकडी मिळायची. चांगलं चाललं आमचं दुष्काळात."

गुरुजी त्या दिवशी वर्गावर गेलेच नाहीत. ओट्यावर येरझाऱ्या घालत होते. मला गाठून म्हणाले, "चुकलं बाई माझं. गरिबाचं लगीन म्होरं जात न्हाई, आलीकडं येतं. आजबी ऊसतोडीच्या कोयत्यावर नवरा-बायकोची जोडी लागती म्हनून आपल्या पोरी शाळेतनं उचलत्यातच की. डोळ्यासमोर हुतं अन् मला दिसलं न्हाई." इतकी वर्षं सांगितलेली गोष्ट मोडल्यावर माणसाला वाईट वाटावं. यांना घरात पाहुणा आल्यासारखा आनंद झाला होता. त्या वर्षापासून आमच्याकडून शिकून पुढं आठवी-नववीत गेलेल्या मुलींच्या घरी पावसाळा सुकत चालला की गुरुजींच्या चकरा वाढल्या. दोघी-तिघींची लग्नं त्यांनी नुसतं जाऊन बसून, चहा पिऊन पिऊन लांबवली.

शाळा मात्र आटत चालली होती. मी आले तेव्हा आम्ही चार शिक्षक होतो. पुढे तीन झालो, मग दोघंच उरलो. पट कमी झाला की शिक्षकाची जागा जाते, हा हिशोब आमच्या खात्यात सगळ्यांना पाठ. गुरुजींची एकच इच्छा होती, आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. बाहेरच्या तालुक्यांत निम्मी नोकरी काढून, अर्ज करून करून ते आपल्या गावी आले होते. त्यांना याच शाळेतून निवृत्त व्हायचं होतं, आणि त्याआधी एकदा, फक्त एकदा, पहिलीचा वर्ग आपल्या लहानपणी होता तसा मांडीला मांडी लागून भरलेला पाहायचा होता. "येक डाव वर्ग भरला का शाळा धा वर्सं हालत न्हाई," म्हणायचे.

मग लागोपाठ दोन-तीन वर्षं पाऊस झाला. झाला म्हणजे आमच्याकडं कधी होत नाही तसा झाला. पाझर तलाव भरले, ओढे दिवाळीनंतरही वाहिले, गावात येणारे टँकर बंद झाले. ज्वारी माणसाच्या डोक्याइतकी वाढली आणि कांद्यानं तर काही घरांची छपरं बदलली. गुरुजी त्या दिवसांत वेगळेच दिसायचे. मला म्हणाले, "बाई, ह्या पावसाची पोरं सा-सात वर्सांनी पहिलीत येतील. आपन तयारीत ऱ्हायला पायजे." आणि खरंच तयारीला लागले. अडगळीच्या खोलीतली मोडकी बाकं बाहेर काढली. रविवारी गावातल्या सुताराला घेऊन बसायचे, स्वतः खिळे ठोकायचे. बाकांना निळा रंग दिला. दोन बाकांवर एका बाजूला कपाटाचा उरलेला हिरवा लागला, पण शोभत होता. मी चेष्टा करायची, "गुरुजी, नवरा-नवरीचा पत्ता नाही आणि तुम्ही बारशाची भांडी काढून बसलात." ते म्हणायचे, "आमच्या येळंला असंच झालं हुतं. दुस्काळ सरला अन् घराघरात पाळना. आमी समदी पावसाची पोरं."

मधल्या वर्षांत अंगणवाडीच्या ताईंनी त्यांना दोन-तीनदा सांगून पाहिलं. "गुरुजी, माज्याकडं तर हाताच्या बोटावर मोजाय येवढी हायेत." गुरुजींचं उत्तर तयार असायचं. "बाकीची पुन्याला आई-बापापाशी हायेत. पहिलीला हितं येतील, आजीजवळ." तसं म्हणायला आधारही होता. आई-बाप शहरात कामाला असले की पोरगं शाळेपुरतं गावाला ठेवायचं, ही आमच्याकडची जुनीच रीत. ताई माझ्याकडं बघायच्या, मी फळ्याकडं.

तो जून आला. शाळेच्या पहिल्या दिवशी नव्या पोरांना वाजतगाजत आणायचं असतं. गुरुजींनी चुलतभावाचा ट्रॅक्टर आणि ट्रॉली मागून घेतली. आदल्या दिवशी ट्रॉली धुतली, आंब्याचे टहाळे बांधले, फुगे लावले. खाली सतरंजी अंथरली. सकाळी पांढरा शर्ट घालून ते स्वतः पुढे चालत निघाले, मागे ट्रॅक्टर, त्यामागे मी. घरोघरी थांबत गेलो. दारात आजी यायची, हात जोडायची. "पोरं पुन्यालाच घातली शाळंत, गुरुजी." पुढच्या घरी, "औंदा न्हाई आली." त्यापुढच्या घरी कुलूपच होतं.

गाव संपलं तेव्हा त्या लांबरुंद ट्रॉलीत तीन पोरं होती. त्यातलं एक रडत होतं.

मला वाटलं, आता इथूनच सरळ शाळेकडे वळतील. गुरुजींनी ट्रॅक्टर परत वेशीतून आत घ्यायला लावला आणि सगळ्या गावातून दुसऱ्यांदा मिरवणूक काढली. तीन पोरांची. रडणाऱ्याला त्यांनी कडेवर घेतलं. बायका दाराशी येऊन उभ्या राहिल्या. मारुतीच्या पारावर लग्न न जुळलेली बिनकामाची पोरं बसलेली असतात. त्यांतला एकजण म्हणाला, "गुरुजी, आमची लग्नं लावून द्या आधी. मग बघा वर्ग कसा भरतो ते." पारावर हशा झाला. गुरुजीही हसले. एवढ्यात मागून इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन हॉर्न वाजवत आली आणि ट्रॉलीनं तिला वाट दिली.

त्या व्हॅनमध्ये स्वतःच्या मुलीला बसवून सविता परत चालली होती. सविता गुरुजींचीच विद्यार्थिनी, ज्यांची लग्नं त्यांनी चहा पिऊन लांबवली त्यांतली एक. बारावीपर्यंत शिकली होती. गुरुजींनी तिला थांबवलं. रागानं नव्हे, खरंच कळून घ्यायचं म्हणून विचारलं, "सविता, पाऊस इतका चांगला झाला. कांदा झाला, घरात दाने झाले. मग पोरं का न्हाई झाली गं?"

सविता आधी लाजली आणि मग तिला हसू आवरेना. "गुरुजी, पाऊस पडला म्हनून उगवायला आमी काय बाजरी हाय का?"

रस्त्यावरच्या सगळ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. गुरुजींनाही मोठ्यानं हसू आलं. सविता मग नीट बोलली. "पावसानं कांदा झाला, कांद्यानं पुन्यात खोली झाली. म्होरल्या साली आमी तिकडंच चाललो. येकच पोरगी हाय, तिला चांगलं शिकवायचंय. तुमीच तर सांगितलं हुतं, शिक म्हनून."

"व्हय," गुरुजी म्हणाले. "मीच सांगितलं हुतं."

शाळेत आल्यावर पोरांना गोड भात वाढला. निळ्या बाकांपैकी एकावर तिघं दाटीवाटीनं बसली, कारण एकेकटं बसायची त्यांना भीती वाटत होती. शाळा सुटल्यावर गुरुजी ओट्यावर बसून राहिले. मी शेजारी बसले. ते म्हणाले,

"चांगलंच झालं की बाई. आईच्या काळात दोन शेर जवारी कमी पडली का एक माणूस जलमायचं ऱ्हायचं. आता पाऊस पडो न पडो, बाजार चढो न चढो, रेशनला गहू येतोय, पोरगं जगतंय. बाईमाणूस आपल्या मनानं ठरवतंय, एक का दोन. माणसाच्या गळ्यातला ढगाचा दोर तुटला. ह्येच तर पायजे हुतं." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "समदं कळतं मला. पन करमत न्हाई. मला आमचा त्यो वर्ग पायजे. एकाच्या अंगाला दुसऱ्याचा घाम लागायचा, त्यो वर्ग."

  त्यांचं दुःख चुकीचं आहे असं म्हणता येत नव्हतं, आणि बरोबर आहे असंही नाही. मलाही त्या रिकाम्या खोलीकडं बघवत नव्हतं, एवढंच मी सांगू शकते.

व्हायचं ते झालं. आमच्यातला एक शिक्षक जादा ठरला. मी त्यांच्याहून तीन-चार वर्षांनी मोठी, माझ्या वयामुळं मला सूट होती, म्हणून नाव गुरुजींचं आलं. नेमणूक मिळाली ती जिल्ह्याच्या उत्तरेला, पाटपाण्याच्या भागात, साखर कारखान्याजवळच्या शाळेत. त्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "तिकडं पट लई हाय म्हनं." म्हाताऱ्या आईला आणि बायकोला गावातच ठेवून एकट्यानं जायचं ठरलं. त्यांची आई पंच्याऐंशीच्या पुढची. तिला बदली हा प्रकार समजावून सांगताना मी समोर होते. ती म्हणाली, "दुस्काळ न्हाई, काई न्हाई. मग का चाललास?" गुरुजींनी तिच्या पायाला तेल लावता लावता विषय बदलला.

जायचा दिवस दिवाळीनंतरचा निघाला. ऊसतोडीच्या गाड्या निघतात तोच आठवडा. गाड्या निघायच्या सकाळी गुरुजी वर्षानुवर्षं वेशीवर जाऊन उभे राहत आणि पोरं उतरवून घेत. त्या दिवशीही उभे होते, पायाशी स्वतःची वळकटी आणि एक पत्र्याची पेटी घेऊन. त्यांना पाथर्डीची एसटी धरायची होती, पण आधी ट्रक आले. त्यांनी पेटी बाजूला सरकवली आणि कामाला लागले.

"काशिनाथ, पोरीला खाली दे."

"गुरुजी, तिकडं ल्हानग्याला संभाळाय कोन हाय?"

"ल्हानग्याला झोळीत ठिव. पोरगी तिसरीत हाय. आजी, धरा हिला. म्हातारीला बी सोबत हुईल की."

हमरीतुमरी, हसणं, थोडं रडणं होऊन तीन पोरं खाली उतरली. त्यांच्या आज्यांनी त्यांचे हात धरले. गुरुजींनी नेहमीसारखी पोरांची डोकी थोपटली आणि मान वर करून रस्त्याकडं पाहिलं. एसटी आली नव्हती. खचाखच भरलेली जीप घेऊन चाललेला जीपवाला म्हणाला, ती आज येणार नाही, बंद पडली आहे. दुपारच्या आत गुरुजींना नव्या शाळेत हजर व्हायचं होतं.

ट्रकमधून काशिनाथ म्हणाला, "गुरुजी, चला की आमच्यासंगं. आमाला त्याच कारखान्यावर जायचंय. शाळेच्या दारात सोडतो."

 गुरुजींनी वळकटी वर दिली, पेटी वर दिली. मागच्या फळीवर पाय ठेवला तेव्हा वरून दोघा-चौघांनी त्यांना ओढून घेतलं. बाया सरकल्या. बाजरीच्या पोत्यांवर, पातेल्यांच्या आणि कोंबड्यांच्या खुराड्याच्या मध्ये त्यांना जागा करून दिली. गच्च भरलेला ट्रक होता. एका बाईनं आपलं तान्हं त्यांच्या मांडीवर ठेवलं, दुसरं पोर त्यांच्या गुडघ्याला रेलून बसलं. गुरुजींनी उपरणं काढून तान्ह्याच्या डोक्यावर ऊन लागू नये म्हणून धरलं. मला हात करायला त्यांचा हात मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. ट्रक वळणावर गेला आणि माझ्या डोळ्यांसमोरचं सगळं धूसर झालं. धुळीनं, असं मी आज्यांना सांगितलं.

खाली उतरवलेली पोरं तशीच उभी होती. काशिनाथची तिसरीतली पोरगी माझ्याजवळ आली. ट्रक गेला त्या दिशेला बघत तिनं विचारलं, "बाई, गुरुजी बी ऊस तोडायला चालले का?"

"नाही गं. शिकवायला."

"कोनाला?"

मी तिचं दप्तर उचललं, बाकीच्या दोघांना हाक मारली आणि आम्ही शाळेकडं निघालो.